खिशातला फ्यूज

तिरोडा, मंगळवार, संध्याकाळ

आज सोमाकाका जळलेली वायर घेऊन दुकानात आले. परवा बोदलकसाच्या तलावावर जाऊन मीच त्यांच्या डोंग्यात बॅटरी बसवली होती, पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या मशीनसाठी. तेव्हा त्यांनी विचारलंही होतं, "फ्यूज लावून राहिला ना गा?" मी हो म्हणालो. फ्यूज खिशात होता, शेवटी लावू म्हटलं. मग चहा आला, गप्पा झाल्या, राहूनच गेलं.

नाही, खरं लिहायचं तर परतताना गाडीवर आठवलं होतं. तरी वळलो नाही. काऊन? ऊन होतं म्हणून?

वायर हातात घेताच कळलं, काल ती डोंग्याच्या पत्र्याला घासून शॉर्ट झाली. फ्यूज असता तर तेवढाच उडाला असता. वायर जळत गेली आणि मशीनही गेली.

मी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "माझ्याच हातानं पाणी पडलं असन गा." आणि मी, वीस वर्षं बॅटऱ्या जोडणारा माणूस, मान हलवून म्हणालो, "पाण्यापासून जपा लागते, काका." हे बोलताना माझी बोटं खिशातला तोच फ्यूज चाचपत होती. शिकवत होतो त्यांना! लाज कशी नाही वाटली तेव्हा?

पायरी उतरताना काका थांबले. म्हणाले, "दुसरी मशीन आणली का, मंग तूच जोडून देजो. दुसऱ्याच्या हाताचा मले भरोसा नाही."