शिशाचा पडदा

ता. १७, गुरुवार, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. मी मजेत. आईला म्हणावं, बूट अजून टिकलेत, फक्त डाव्याने तोंड उघडलंय. पत्राला तसं कारण काही नाही.

बरं, आहे. गेले दोन महिने मी तुझ्याच अणुवीज केंद्रात काम करतोय. रागावू नकोस, आधी वाच. "आमच्या लेकीच्या सहीशिवाय तिथे कुणी पाऊल टाकत नाही," असं आई भाजीवाल्यालासुद्धा ऐकवते. माझी चौकशी केली की म्हणते, "तो होय, तो असतो कुठे कुठे." म्हटलं, बघू तरी ही सही. ठेकेदाराला माणसं हवीच होती. वेल्डरकाकांच्या हाताखाली लागलो.

पहिल्याच आठवड्यात तू कपडे बदलायच्या खोलीत आलीस. फळ्यावर लिहिलंस : किरणांची मात्रा एका एककाने कमी होत असेल, तर कंपनी त्यासाठी दहा हजार खर्च करेल. त्याहून महाग उपाय मंजूर नाही.

काका म्हणाले, "म्हणजे बाई, माझा भाव फुटला."

"तुमचा नाही काका. तुमच्यापासून जे लांब ठेवायचं, त्याचा," तू म्हणालीस, आणि त्यांचा गुडघा कसा आहे ते विचारलंस. मी टोपी-मास्क लावून दोन हातांवर उभा. तुझी नजर माझ्यावर आली आणि पुढे गेली.

काकांचा गुडघाही तुला ठाऊक, त्यांची मात्राही तोंडपाठ. मला टाके पडले होते ते कुठल्या गुडघ्याला, सांग बघू. हसशील, पण त्या म्हाताऱ्यावरून माझ्या पोटात दुखलं.

दर शनिवारी तू यादी लावतेस. नावं नाहीत, नुसते छातीवरच्या किरणं मोजणाऱ्या बिल्ल्यांचे नंबर आणि मात्रा. सगळ्यात कमी ज्याची, त्याच्यापुढे तुझ्या हातचं 'छान'. सलग चार शनिवार ४१७ ला मिळालं. एकदा तर तू लिहिलंस, 'अंतर राखून काम. इतरांनी शिकावं.' काकांनी मला कोपर मारलं. "अंतर? माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून पाइप धरतोस की रे."

मी हसण्यावारी नेलं. ४१७ म्हणजे मी.

काल नोटीस लागली. झालं तेवढंच काम अजून बाकी आहे, ते सोमवारी सुरू होतं, आणि त्यासाठी मागितलेला शिशाचा पडदा नामंजूर. मात्रेचा हिशोब असा : काकांचे सहा, माझा एक, मिळून सात. पडद्याने निम्मे वाचतील, साडेतीन. म्हणजे पस्तीस हजारांचा फायदा, आणि पडदा पन्नास हजारांचा. खाली ती सही.

काका म्हणाले, "बाईंनी मांडलंय ना, मग बरोबरच असणार." तेव्हासुद्धा आधी मला हेवाच वाटला. इतका विश्वास! मग त्या हिशोबातला माझा एक पुन्हा वाचला.

ताई, बिल्ला माझ्या अंगावर नव्हताच. कपाटात, डाव्या बुटात ठेवायचो. वरून अंगभर सूट, कोण बघतंय? तुझं 'छान' हवं होतं, बाकी काही नाही. शाळेत तुझी प्रगतिपुस्तकं भिंतीवर लागायची, माझं आई पिठाच्या डब्याखाली ठेवायची, ते आठवतं ना? जाऊ दे, मी भलतीकडेच चाललो.

गणितात मी कच्चा, पण हे मांडून पाहिलंय. मी काकांना चिकटून उभा होतो, तेव्हा माझेही सहाच धर. बारा झाले. निम्मे सहा, साठ हजार. पडदा बसतो.

सोमवारच्या आत पुन्हा मांड. बिल्ला याच पाकिटात घातलाय, पाकीट आत्ताच तुझ्या टेबलावर ठेवतो. ठेकेदार मला हाकलेल, ते ठीक. मी खरंच किती किरणं खाल्ली हे आता कुठलाच बिल्ला सांगणार नाही. तपासायला बोलावलंस तर येईन. सुटल्यावर फाटकासमोरच्या बाकावर बसतो. मास्क नसेल, तेव्हा ओळखशील.

यादीतल्या ४१७ पुढचं 'छान' तेवढं तुझ्याच हाताने खोड.

तुझा,
कुठे कुठे नसलेला, इथेच असलेला
धाकटा