लिफ्टच्या अलीकडच्या अकरा पायऱ्या

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोनवर मी मुद्द्यावर आलो की तू ‘जेवलास का’ म्हणून विचारतेस आणि मी बापडा काय जेवलो ते सांगत बसतो. सत्त्याहत्तर वर्षांच्या बहिणीने एकाहत्तर वर्षांच्या भावाला अजून असं गुंडाळावं, म्हणजे कमाल आहे. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र. चष्मा लाव, खिडकीजवळच्या खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच. गॅस बंद केला का ते बघायला मधे उठू नकोस. तो तू दोनदा बघितलेला असणार.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, मामा, आई आता खालच्या बागेतसुद्धा येत नाही. मैत्रिणीच्या नातीचं लग्न होतं, गाडी दारात येणार होती, तरी गेली नाही. फार आग्रह केला तर म्हणते, मला सामानासारखं इकडून तिकडे नेऊ नका, माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो, एक सहल नासवली तेवढी पुरे झाली. ताई, हे ऐकल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना. आणि माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं आजवर किती वेळा झालंय, ते तुला माहीत आहे.

तर सरळच सांगतो. मी इथे हवापालट करायला आलेलो नाही. सप्टेंबरात तुला तीन आठवडे इथे आणायचंय, आणि तू नाही म्हणणार हे ठाऊक असल्यामुळे आधी एकटा येऊन सगळं तपासून घेतोय. आज बारावा दिवस.

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी. लोकांना इमारतीचा दर्शनी भाग दिसतो, मला तिच्या पोटातले दोर दिसतात. त्यामुळे कुठे जायचं हे घरात नेहमी मीच ठरवणार, आणि सगळ्यांनी मान डोलवायची. पण म्हातारपणी परदेशात जायचं तर काय बघायला मिळेल याच्या आधी कुठे बसायला मिळेल हे बघावं, ही अक्कल मला फार उशिरा आली. पूर्वी आपण बारा दिवसांत नऊ शहरं करायचो. सकाळी बॅग भरायची, संध्याकाळी उघडायची, आणि कुठे जाऊन आलो ते घरी परतल्यावर फोटो बघून कळायचं. आता माझे नियम वेगळे आहेत. विमान बदलावं लागणार नाही आणि ते दिवसाउजेडी पोचेल असंच शहर. एकच मुक्काम. रस्ते सपाट. उन्हाळा सरलेला पण थंडीने दात वाजत नाहीत असा महिना. दहा मिनिटांवर दवाखाना, आणि तिथे आपलं बोलणं समजेल असं कोणीतरी. या चाळणीत आठ शहरं घातली, सात गळाली. राहिलं ते हे.

या शहराचं नाव सांगितलंस तर शेजारच्या वकिलीणबाई भुवया उंचावणार नाहीत, हे आधीच सांगतो. मनोरा नाही, राजवाडा नाही, रांग लावून बघावं असं काही नाही. समुद्राकाठी लांबलचक कट्टा आहे. आठवड्यातून दोनदा फुलांचा बाजार भरतो. एक वाचनालय आहे, त्याच्या खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत आणि खुर्च्या हातांच्या. आणि एक बोट आहे, ती वीस मिनिटांत पलीकडच्या काठाला जाते आणि वीस मिनिटांत परत येते. पलीकडे बघण्यासारखं काहीच नाही, पण जाताना फार बरं वाटतं. चार दिवसांत संपणारं शहर आहे, म्हणूनच तीन आठवड्यांना पुरेल. दिवसाला एक गोष्ट करायची, दुपारी ताणून द्यायची.

विमानतळावर चाकाची खुर्ची घ्यायची म्हटलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून या वेळी मी स्वतः मागून घेतली. काय सांगू, पहिली पाच मिनिटं मान वर करवेना. धडधाकट माणूस मी, लोक काय म्हणतील! मग ढकलणाऱ्या बाईंनी मला त्या नागमोडी रांगेच्या बाजूने सरळ पुढे काढलं. रांगेत दमलेली तरणीताठी माणसं, त्यांची रडणारी पोरं, आणि मी आपला मांडीवर पिशवी घेऊन बादशहासारखा पुढे. नंतर मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्या बाईंनी खुर्ची हलवायच्या आधी दर वेळी विचारलं, निघू या का म्हणून. हे तुला मुद्दाम सांगतोय.

तुझ्यासारखाच गुडघ्याचा पट्टाही विकत घेतला. एवढा आवळून बांधला की गुडघा वाकायचं नाव घेईना, आणि हातात काठी घेऊन बारा दिवस तुझ्या चालीने हिंडलो. उंटावरचा शहाणा होऊन सल्ले देण्यापेक्षा हे बरं. तुझी चाल किती अवघड आहे ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. रस्ता ओलांडताना दिवा मधेच बदलला आणि एका मोटारवाल्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. भोंगासुद्धा वाजवला नाही, नुसतं बघितलं. एवढ्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू हे रोज सोसत होतीस आणि वर हसत होतीस. आता तो रस्ता टाळून दुसरा शोधलाय, मधे थांबायला कठडा आहे.

इथली ट्राम फलाटाच्या बरोबरीने उभी राहते, पायरी म्हणून नाही. कट्ट्यावर दर सत्तर-ऐंशी पावलांना पाठ टेकायचा बाक आहे. स्वच्छतागृहं तीन ठिकाणी, तिन्ही मी वापरून बघितली. बाजाराजवळचं सोडून दे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तुझ्या गोळ्यांची यादी दाखवली, रक्तदाबाची एक सोडून बाकी सगळ्या मिळतात. ती एक आपण घरून दुप्पट आणू, निम्मी तुझ्या पर्समध्ये आणि निम्मी माझ्या खिशात. विम्याचं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचं तुझ्या लेकीवर सोपवलंय. वाईट काय तेही ऐक: सूप खारट असतं, समुद्रपक्षी पहाटेपासून भांडतात, आणि जुन्या चर्चमागची गल्ली गोट्यांच्या फरसबंदीची आहे. तिकडे आपण फिरकायचंच नाही. चर्च समोरूनही छान दिसतं.

खोली तळमजल्यावर आहे. घरमालकीण साठीची, दातांच्या डॉक्टरकडे नोकरी करून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ. मी आल्या आल्या खिशातून टेप काढून पलंगाची उंची मोजली तेव्हा तिला वाटलं, हा पाहुणा आहे की सुतार. न्हाणीघरातल्या दांड्याला मी सगळं वजन टाकून लोंबकळलो, तो आवाज ऐकून ती धावत आली. मग विचारलं, कोणासाठी चाललंय हे सगळं. बहिणीसाठी म्हटल्यावर तशीच आत गेली आणि पलंगाच्या पायांखाली घालायला लाकडी ठोकळे घेऊन आली. आता पलंग बरोबर तुझ्या घरच्या पलंगाएवढा आहे. रस्त्यापासून तुझ्या उशीपर्यंत एकही पायरी नाही, उंबरठासुद्धा नाही. मी ते डोळे मिटून चालून बघितलंय.

आता त्या मागच्या सहलीबद्दल. दोन वर्षं झाली, आपण दोघांनीही तिचं नाव काढलेलं नाही. तू, मी, तुझी लेक आणि जावई. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की हॉटेलात लिफ्ट आहे, मी स्वतः चौकशी केली आहे, लिफ्टच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शब्द. लिफ्ट होतीच. पण दारातून आत गेल्यावर आधी अकरा पायऱ्या, उंच, गुळगुळीत दगडाच्या, आणि मग ती लिफ्ट. तू पायऱ्यांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. काही बोलायच्या आत दोन हमाल आले, तुला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून वर नेलं. वर उभ्या असलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनाने वाजवल्या असतील. तू हसलीस, मान लववलीस, आणि पुढचे सहा दिवस चौथ्या मजल्यावरच्या खोलीतून बाहेर आली नाहीस. गुडघा दुखतोय म्हणालीस. पस्तीस वर्षं वॉर्डात तू नव्या नर्स मुलींना शिकवत आलीस की आजाऱ्याला हात लावायच्या आधी त्याला विचारायचं, मग तो शुद्धीत असो की नसो. त्या दिवशी तुला कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी सगळीकडे सांगत सुटलो की हॉटेलवाल्यांनी फसवलं, पायऱ्यांचं लपवून ठेवलं. सगळ्यांना पटलं. तुला मात्र त्याचं काहीच नव्हतं. तू एवढंच धरून बसलीस की माझे गुडघे धड असते तर पोरांची सहल अशी वाया गेली नसती. तुझी बॅग तू लेकीला लोकरीचे कपडे ठेवायला देऊन टाकलीस. मी समोर बसून बघत होतो, आणि गप्प राहिलो.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. हे सगळं बाक आणि पलंग पुराण मी ज्यासाठी लावलंय ते आता लिहितो. हॉटेलवाल्यांनी काहीही लपवलेलं नव्हतं. निघायच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं होतं मला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रस्त्यापासून लिफ्टपर्यंत अकरा पायऱ्या आहेत. बाईंना चालायला त्रास असेल तर समोरच आमची दुसरी इमारत आहे, दारापासून सपाट, आत नवी लिफ्ट, खोल्या तशाच, तिकडे सोय करतो. मी उलट कळवलं की गरज नाही. कारण त्या नव्या इमारतीतली लिफ्ट चारचौघींसारखी होती, आणि जुन्या इमारतीत, ताई, जाळीच्या दाराची, आत लाकडी बाक असलेली, पितळी मुठीने चालवायची लिफ्ट होती. शिकाऊ होतो तेव्हा माझ्या उस्तादांच्या पुस्तकात तिच्यासारखीचा फोटो होता, आणि तशी लिफ्ट चालताना बघायची माझी पन्नास वर्षांची हौस होती. अकरा पायऱ्या म्हणजे काय, ताई चढेल हळूहळू, असं मी तुझ्या वतीने ठरवून टाकलं. ते शहर मी तुझ्यासाठी निवडलंच नव्हतं. तू वर खोलीत बसून होतीस त्या सहा दिवसांत मी त्या लिफ्टने एकोणीस वेळा वरखाली केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. सहल तुझ्या गुडघ्यांनी नासवली नाही. मी नासवली, आणि दोन वर्षं तुला ते तुझ्या माथी घेऊ दिलं, कारण लिफ्टच्या बाबतीत माझा शब्द खोटा ठरलेला मला सोसवला नसता. रविवारी तुझ्या लेकीला आणि जावयालाही मी हे स्वतः सांगणार आहे. ते पत्र सोबत ठेवलंय, वाच. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते तुला मी समोर बसून म्हणायला हवं. तेव्हा आता तूच सांग, सप्टेंबरात नेऊ का तुला? मनापासून नको असेल तर नको म्हण, मी पुन्हा विचारणार नाही. पण खोळंब्याचं कारण सांगू नकोस, ते आता खोटं ठरलंय. आणि माझ्यावर राग असेल, तर रागावूनच ये. तीन आठवडे माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, पण ये.

तुझाच धाकटा,
खटपट्या