बाहेरचा बाक

रविवार, ९ तारीख

ती. ताईस सा. न.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतोय, पण त्याचं रडगाणं कोण ऐकणार? तुझ्या शिवणाच्या कात्रीला धार लावून आणली आहे. भावोजी कसे आहेत? शर्टाची बटणं अजून स्वतःच लावतात ना?

तू फोन उचलत नाहीस. उचलला असतास तर मी काहीतरी थातूरमातूर बोलून ठेवला असता. म्हणून लिहितेय.

भावोजी ज्या चाचणीत होते, तो नव्या गोळ्यांचा अभ्यास संपला. ज्यांचे हात थरथरायचे थांबले, त्यांना गोळ्या पुढे द्यायच्या का, हे अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या, दवाखान्याच्या आमच्या नीतिसमितीपुढे गुरुवारी आलं. निर्णय महिनाभर लांबला, एवढं तुला कळलंच असेल. का लांबला, ते कुणी सांगितलं नसेल.

माझ्यामुळे लांबला, ताई.

समितीत डॉक्टर आहेत, वकील आहेत आणि 'सामान्य माणूस' म्हणून मी, निवृत्त शिक्षिका. सामान्य माणूस हजर नसेल तर निर्णय घेता येत नाही. घरात मला कुणी विचारत नाही, तिथे माझ्यावाचून अडतं! पण दुसरा नियम असा, की आपलं माणूस ज्या अभ्यासात असेल त्याची चर्चा निघाली की उठून बाहेर जायचं. भावोजींनी गोळ्या सुरू केल्या तेव्हा मी समितीत नव्हते. आपली आडनावंही वेगळी. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि बसलेही होते गं गप्प. मग समोरच्या डॉक्टरांकडे नजर गेली. मागच्या वर्षी त्यांचा पुतण्या एका अभ्यासाच्या संशोधकांत होता, तेव्हा 'तुम्ही उठा' म्हणून मीच हटून बसले होते. आता कुठल्या तोंडाने बसू?

मी सांगितलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने अध्यक्ष आले. म्हणाले, "बाई, आत आता सामान्य माणूसच उरला नाही. पुढच्या महिन्यात बघू." चिडले नव्हते, नुसते दमलेले होते.

माझ्या जागी दुसरं कुणी नेमा, तातडीची बैठक घ्या, म्हणून दोनदा त्यांच्या मागे लागले. तारखा जुळत नाहीत म्हणे. खरं तर अभ्यास संपल्यावर या माणसांचं काय, हे मंजुरी देतानाच विचारायला हवं होतं. तेव्हाच्या समितीने दुष्परिणाम विचारले, भरपाई विचारली, हे राहून गेलं. गुण आला तर काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

भावोजींच्या गोळ्या बुधवारी संपतात. ती बटणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तरी पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा उठेन, ताई. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहवत नाही.

मंगळवारी येतेय, कात्री घेऊन. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. बाहेर बसायची आता सवय झाली आहे.

तुझीच,
धाकटी