चारशे बारा नॉकआउट

३ मार्च, सकाळी ६.४०
आजवर पाहिलेले नॉकआउट : ४१२. बॉक्सिंगचे व्हिडिओ इतकं लक्ष देऊन पाहणारा माणूस या शहरात दुसरा नसेल. निष्कर्ष असा, की पडणारा प्रत्येक जण पडण्याआधी डावा हात खाली घेतो. जबडा उघडा पडतो आणि मग कडाड्. बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, दूध उतू चाललंय, आधी गॅस बंद कर. ती शाळेची बस चालवते. तिला यातलं सौंदर्य कळणं कठीणच.
संकल्प : आता नुसतं पाहायचं नाही. उतरायचं.

६ मार्च
जिम लावली. कोच साठीचा, नाक तीन ठिकाणी मोडलेलं, एक कान उकडलेल्या बटाट्यासारखा. त्याच्या जॅबमध्ये, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशात, काय चुकतं ते त्याला सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग दोरी हातात देऊन चारशे उड्या मारायला लावल्या. लागलं असावं त्याला.

७ मार्च
पोटऱ्या. जिना बसून उतरलो.

८ मार्च
विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग. तीन तास व्हिडिओ. एकाची भुवई फाटून रक्त थेट रेफरीच्या शर्टावर. फार प्रसन्न वाटलं.

१३ मार्च
पहिलं स्पॅरिंग. समोर दातांची डॉक्टर, वजन बावन्न किलो. बाईमाणूस, म्हणून हात आखडता घ्यायचं ठरवलं. तिने तसं काही ठरवलं नव्हतं. नाकावर दोन, बरगडीत एक. पुढचं कोचने सांगितलं. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टरीणबाई माझे दात मोजत होत्या. सगळे आहेत म्हणाल्या, वरचा एक हलतोय.
बायकोने बर्फ लावला. म्हणाली, झाली ना हौस? म्हटलं, पहिल्या फाइटमध्ये समोरच्याचा अभ्यास करायचा असतो.

१४ मार्च
कोचने कालचा व्हिडिओ पाठवला. पाव स्पीडवर अकरा वेळा पाहिला. पहिल्या ठोशापासून शेवटपर्यंत माझे डोळे मिटलेले. याला इन्स्टिंक्टवर लढणं म्हणतात. फार थोड्यांना जमतं.

१८ मार्च, दुपारी
चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला लागून आज एकवीस वर्षं. मोबाईल मशीनला टेकवून टायटल फाइट लावली, लाइव्ह. दहाव्या राउंडला चॅम्पियन गुडघ्यावर आला, नेमका तेव्हाच मी एका उंच गिऱ्हाइकाच्या काचांवर बुबुळ कुठे येतं त्याची खूण करत होतो. दोनेक मिलिमीटर सरकली असेल. डोळ्यांना सवय होते. चॅम्पियन आडवा. डावा हात खाली! ४१३.

२१ मार्च
त्या उंच गिऱ्हाइकाचा फोन. नव्या चष्म्यातून पायऱ्या वाकड्या दिसतात म्हणे. लोकांना धीर म्हणून नाही. म्हटलं, आठवडाभर घाला, बसेल.

२४ मार्च
लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.
एक वाजता बायको दुकानात आली, चष्म्याचा स्क्रू आवळायला. काउंटरवर मालक. सत्तरीचे आहेत, मला काम त्यांनीच शिकवलं. तेवढ्यात तो उंच माणूस आला. कपाळ सोललेलं. काल जिन्यावरून पडला होता, कडेवरच्या मुलीसकट. मुलीचा हात मोडला.
चष्मा काउंटरवर आपटून त्याने विचारलं, "हा कोणी बसवला?"
मी उभाच होतो. मालकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "दुकान माझं आहे. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."
काउंटरला वळसा घालून त्याने मालकांना मारलं. परत मारलं. व्हिडिओत असा आवाज येत नाही. ओला आवाज असतो. मालक खाली पडले, त्याने लाथ उगारली. बायको मध्ये घुसली. "अहो, म्हातारा माणूस आहे!" त्याने तिला झटकलं. ती फ्रेमच्या शोकेसवर जाऊन आदळली. काच फुटली, तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा झाला.
त्याचा डावा हात पूर्ण वेळ खाली होता.
तिचं रक्त पाहून तोच मटकन खाली बसला आणि रडायला लागला. अँब्युलन्स बायकोनेच बोलावली, डाव्या हाताने.

२५ मार्च
मालकांचा जबडा तारेने बांधलाय. बायकोला सतरा टाके. दोन महिने बस बंद. बसमधली मुलं विचारत असतील.
सगळे व्हिडिओ डिलीट करायला बसलो. मग वाटलं, व्हिडिओंचा काय दोष. मग तेही वाटेना.

२७ मार्च, सकाळी ११
पोलीस स्टेशन. दुकानातला कॅमेरा बंद होता, म्हणून माझा जबाब महत्त्वाचा. बायको शेजारी, हात गळ्यात.
सांगायला लागलो तर थांबेना. पहिला ठोसा उजवा, डाव्या गालाखाली. दुसरा हनुवटीवर. मग डाव्या पायावर वजन, लाथ उजव्याची. चष्मा मी बसवला होता, हेही सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.
पोलीस अधिकारी खूश. म्हणाले, असा साक्षीदार आम्हाला क्वचित मिळतो. इतकं बारीक पाहिलंत, किती अंतरावर होतात?
मी बायकोच्या पट्टीकडे पाहिलं. त्यांनी पेन उचलून धरलेलं.
"लिहा," बायको म्हणाली. "तीन फूट."