जाखाईचं अजीर्ण

॥ श्री ॥
मळेवस्ती, गंगापूर रोड, नाशिक
१२ एप्रिल २०२५

चि. योगिनी हिस, चंद्रभागा मावशीचे अ. उ. आ.

फोनवर तू हो-हो करतेस आणि विसरतेस, म्हणून पत्र. जाखाईच्या तळ्यात उलटं घमेलं तरंगत ठेवून तू पुण्याला गेलीस, घोर मला. पाण्यातल्या बुडबुड्यांतून मिथेन नावाचा वायू निघतो, हवेत मिसळून उष्मा वाढवतो, तो किती हे मोजायचं, इथवर मला समजलं. बायकांना कसं समजवायचं? त्या मनातलं विचारून पाण्यात फूल टाकतात, बुडबुडा आला की जाखाईने होकार दिला असं धरतात. घमेलं कोणी हलवलं तर तुझं उन्हाळ्याचं मोजमाप वाया आणि पदवी वर्षभर लांबणार. म्हणून मी सांगून टाकलं, की ते देवीचा श्वास धरायचं भांडं आहे. रंगूबाईने लगेच लांबूनच हळद-कुंकू वाहिलं.

पापड झाले. मोडलेले तुला पाठवते. तळल्यावर कोण बघतं?

तुझी वाट बघणारी,
मावशी

पुणे, २० मे

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

घमेल्याला खरंच कोणी हात लावला नाही. या खेपेला मोजायला आले तर वायू इतका भरला होता, की मी काठावरच नाचले. मग खाली बघितलं. हार, केळीची पानं, नैवेद्याचा भात! मावशी, तळाच्या गाळात हवा पोचत नाही, तिथे जे कुजतं त्यातूनच हा वायू होतो. आमचे सर म्हणाले, हा आकडा तळ्याचा नाही, भक्तांचा आहे. पावसाआधी नेहमीचं तळं मोजता आलं नाही तर माझं वर्ष गेलं. रागावले नाही, पण हसूही येत नाही.

पुढच्या वेळी अख्खे पापड पाठव.

तुझी, तरीही लाडकी,
योगिनी

॥ श्री ॥
नाशिक, २४ मे

चि. योगिनीस अ. उ. आ.

श्वास म्हटल्यावर तो जास्त यावा म्हणून बायका भरभरून वाहणारच. त्यात मीही होते गं! काल सगळ्यांना देवळात बोलावलं. देवीसमोर खोटं बोलवेना आणि तुझं शास्त्र सांगता येईना, मग घरातलंच बोलले. लेकराला सारखं भरवलं की पोट फुगतं, ढेकरा येतात. जाखाईला आपण तेच केलंय. भिमाबाई फणकारली, की देवीला ढेकर आली म्हणणं शोभतं का. रंगूबाईने तिला गप्प केलं, की आई आहे ती, आईला पोट नसतं का?

आज परड्या भरभरून घाण काढली, जास्वंदीच्या आळ्यांत पुरली. फुलं आता काठावरच्या पाटावर. पावसापर्यंत देवीला लंघन.

एक मात्र सांग. बुडबुडेच थांबले तर ती होकार कसा देणार? थट्टा करू नकोस. तुझ्या कामाचं मला तिलाच विचारायचं आहे.

काळजीतली,
मावशी

पुणे, ११ जून

ती. मावशीस, सा. न.

आकडा उतरला! आधीचाही टाकायचा नाही. भरवलेलं तळं आणि लंघनाचं तळं, दोन्ही मांडायची असं मी सरांपुढे ठेवलंय. ते मान्य करतील की नाही, सोमवारी कळेल. जीव मुठीत धरून बसलेय. तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, माझं घमेलं वायू किती ते सांगतं, देवी काय म्हणाली ते नाही.

तुझ्या मायेवर विसंबून,
योगिनी

॥ श्री ॥
नाशिक, १७ जून

चि. योगिनीस अ. उ. आ.

सरांनी दोन्ही आकडे घेतले, पदवी वेळेवर, हे तू काल फोनवर किंचाळून सांगितलंस. मला रविवारीच ठाऊक होतं.

रविवारी पाटावर फूल ठेवलं आणि विचारलं. पाणी हललं नाही. पायाला मुंग्या आल्या, रंगूबाई घरी चल म्हणून ओढू लागली. उठणार तोच एक टपोरा बुडबुडा आला आणि त्याच्यामागोमाग चक्क कासवाचं डोकं! एक श्वास घेतला, आम्हा दोघींकडे निवांत बघितलं आणि बुडी मारली. रंगूबाई म्हणते, इतकी वर्षं नुसता निरोप यायचा, यंदा जाखाईने माणूस पाठवलं.

हा बुडबुडा तुझ्या आकड्यांत घालू नकोस. तो माझा आहे.

आनंदात,
मावशी