सारिकाचो वाटो

ठाणे,
दि. ८ जुलै २०२४

चि. किशोरी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय ओरडते ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतं, त्यापेक्षा कागद बरा. सारिका सुखरूप बाळंत झाली हे तुला कळलंच. मुलगी आहे, रंगाने आपल्या घरावर, आवाजाने बहुतेक तुझ्यावर गेली आहे. बारसं होऊन सारिका जरा सावरली की आम्ही तिघी देवबागला येऊ. तोवर घर तुझ्या हवाली.

तू कणकवलीला ऑफिसात सगळ्यांना शिस्त लावलीस, तशी आता माझ्या डीप फ्रीझरला लाव. मासेमारीच्या बंदीआधी भरून ठेवलेली सुरमय आणि बांगडे आहेत, ते तू खा, शेजारच्या मथुरालाही दे. लाइट गेली की झाकण उघडून बघत बसू नकोस, वरून गोधडी घाल. लाइट आली की गोधडी आठवणीने काढ. तळाशी एक कप आहे, त्यात पाण्याचा बर्फ आणि बर्फावर कवडी. लाइट फार वेळ गेली तर फक्त ती बघायची. कवडी वर असेल तर तळाचं सगळं शाबूत. बुडाली असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठला, मग काही खायचं नाही.

कपाच्या शेजारी ह्यांचा डबा आहे. घरामागच्या आवाठातल्या रायवळ आंब्याची शेवटची पाटी दर वर्षी सारिकाची, हे तुला ठाऊक आहेच. या वर्षी ती येऊ शकत नव्हती, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायला बंदी केली होती, म्हणून ह्यांनी बसून रस काढला. मिक्सर नको म्हणाले, फडक्यातून हाताने पिळला आणि डब्यावर पट्टी लावून स्वतः लिहिलं, ‘सारिकाचो वाटो’. त्यानंतर आठवड्यात ते गेले. पोरीला बापाचं तोंडही बघता आलं नाही. तेवढा डबा सांभाळ, बाकी घर वाहून गेलं तरी चालेल.

वेळेवर जेवत जा. चहावर दिवस काढू नकोस.
तुझी,
आक्का

*

देवबाग,
दि. २२ जुलै २०२४

ती. आक्कास कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझा आवाज नातीला मिळाला असेल तर तिचं भलं होईल, कुणी तिला दाबणार नाही.

इकडे पाऊस सारखा लागून राहिला आहे. खाडीचं पाणी मथुराच्या कुंपणापर्यंत येऊन गेलं. लाइटीचा खेळ चालूच असतो. मथुरा रोज डोकावते, भाकरी देते आणि तुझ्या माडांपेक्षा तिचे माड कसे बरे आहेत ते सांगून जाते. माडाखाली जरा खत घातलं आहे. बाकी विशेष काही नाही.

फ्रीझर ठीक आहे. तू काळजी करू नकोस.

येण्याची घाई करू नका. बाळंतिणीला पावसाचा प्रवास नको. सावकाश, गणपतीनंतर आलात तरी चालेल.

सर्वांना यथायोग्य. माझ्यावरची माया कमी करू नये.
तुझी,
किशोरी

*

ठाणे,
दि. १ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

आईचं बघून मलाही पत्र लिहावंसं वाटलं. मुलगी मांडीवर झोपली आहे, म्हणून अक्षर वाकडं.

आई म्हणते, किशोरी कधी नव्हे ती सावकाश या म्हणते, नक्की घरात पसारा घातला असणार. मी म्हटलं, मावशी आणि पसारा? तरी आम्ही गणपतीआधीच येतो आहोत. मला राहवत नाही.

एक सांगते, हसू नकोस. बाबा गेले तेव्हा मी इथे कुशीवर पडून भिंत बघत होते. सगळ्यांनी मला समजावलं, मी रडलेसुद्धा नाही नीट. त्याच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला होता. ‘तुझो वाटो काढून ठेवलंय, येशीत तेव्हा खा,’ एवढंच म्हणाले आणि पुढे पावसाचं बोलत राहिले. तो रस तोंडात घालीन तेव्हा मी घरी पोचले असं मला वाटेल. मुलीच्या ओठालाही बोट लावणार आहे, आई ओरडली तरी.

त्या डब्याचा एक फोटो मोबाईलवर पाठव ना. पट्टीवरचं बाबांचं अक्षर दिसेल असा.

तब्येतीला जप आणि आमची वाट पाहा.
तुझी,
सारिका

*

देवबाग,
दि. ९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. सारिका हिस अ. उ. आ.

तुला फोटो मिळाला, तू लगेच लाल बदाम पाठवलास. तो बदाम पाहिल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. सारिका, त्या डब्यात तुझ्या बाबांचा रस नाही. मथुराच्या बाटलीतला हापूसचा रस ओतून मी तो फोटो काढला. आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहायचं धाडस होणार नाही.

जुलैत एकदा वादळी पावसात लाइट गेली. आक्काने बजावलं होतं झाकण उघडू नकोस, पण मी उघडलं. तुझा डबा नीट आहे ना एवढंच बघायला, आणि बघून मला केवढं बरं वाटलं! मग झाकण लावून गोधडी घातली, चांगली दुहेरी. तिचं एक टोक झाकणाच्या फटीत अडकलं ते मला कळलं नाही. पुढे लाइट आली. गोधडी काढायची, तर मी म्हटलं पुन्हा जाईल, असू दे. मोटार घरघरत होती आणि मी समाधानाने निजत होते. वरून सगळं झाकलेलं, आत झाकण उघडं.

मथुरा आली आणि दारातूनच म्हणाली, की किशोरी, तुमच्या घरात काय तरी कुसलासा. गोधडी ओढली तेव्हा टोक भिजून काळं झालं होतं. वरचे बांगडे मऊ पडले होते, सुरमयीला वास सुटला होता. मथुरा भांडी ठेवून परत येते म्हणून गेली आणि तिला काही दिसू नये म्हणून मी सगळं घमेल्यात भरायला सुटले. मासे माडाच्या आळ्यात पुरले. आक्काला खत घातलं म्हणून लिहिलं ते हेच.

मग तळाला तुझा डबा. त्याच्या झाकणावर माशाचं पाणी ओघळलं होतं. दाबून पाहिलं तर रस मऊ लागला. मला एवढंच सुचलं, की हे ओल्या बाळंतिणीच्या पोटात जायला नको, तिच्या दुधातून पोरीच्या पोटात जायला नको. आळ्यावर धरून ओतला. ओतताना त्यात बर्फाचे खडे होते, सारिका. ते पडताना मला दिसले. तरी माझा हात थांबला नाही, कारण मला ते सगळं डोळ्यांसमोरून नाहीसं व्हायला हवं होतं.

फ्रीझर पुसायला वाकले तेव्हा कप दिसला. कवडी बर्फावर होती, कोरडी. वरचं नासलं होतं, पण थंडी तळाला धरून राहिली होती. गोड रस बर्फाच्या आधी सैलावतो, तसा जरासा सैलावला होता, नासला नव्हता. झाकण घट्ट होतं, बाहेरून पुसलं असतं आणि लगेच उकळून आटवला असता तर तुझ्या बाबांच्या हातचा मावा तरी तुला मिळाला असता. आक्काने एकच गोष्ट बघायला सांगितली होती. मी झाकण बघितलं, मासे बघितले, मथुरा येते का ते बघितलं, कवडी तेवढी बघितली नाही.

तेव्हापासून तीच कवडी मी रोज बघते. झाकणाच्या चारही कडा हाताने चाचपते. आता काय उपयोग.

मला माफ कर असं लिहायलाही लाज वाटते. आक्काला हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. तुम्ही येईपर्यंत मी इथेच आहे, मग कणकवलीला जाईन.

पोरीला माझा गोड पापा.
तुझी,
किशोरीमावशी

*

ठाणे,
दि. १७ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मला फार राग आला. मासे नासले याचा नाही, डबा ओतलास याचाही कदाचित जाईल. फोटोचा आला. तो फोटो मी मुलीला दाखवला होता, हा तुझ्या आजोबांनी दिलेला खाऊ म्हणून. तो काढून टाकला आणि मग मी रडले. बाबा गेल्यापासून अशी रडले नव्हते. मुलगी दचकून उठली आणि तीही रडायला लागली.

आईला सांगायचं कसं, म्हणून पत्रच तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून दुपट्याखाली ठेवलं. भांडी घासताना एकदम म्हणाली, की बर्फ दिसलो तरी ओतलंस कित्याक, ह्या तिका विचार. मी म्हटलं, तिने लिहिलंय ना. मग नळ बंद करून ती म्हणाली, की गोधडी घालूक मियाच सांगितलंय. शेवटी हात पुसून तिने विचारलं, डबो खंय आसा?

तेच मला विचारायचं आहे. डबा आहे ना? पट्टी आहे ना?

मथुराकाकूचा रस तू खा, नाहीतर तिला परत दे. डबा धुऊन कोरडा कर, पण पट्टीला पाणी लावू नकोस आणि त्यावर काही लिहू नकोस. तो फ्रीझरमध्ये तळाशी, कपाच्या शेजारी होता तिथेच रिकामा ठेव. आणि कणकवलीला जायचं नाव काढू नकोस. आई म्हणते, घर सोडून पळालीस तर ती स्वतः येऊन तुला आणील, आणि एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलेल.

झाड उभं आहे. पुढच्या मे महिन्यात त्याची शेवटची पाटी उतरली की तू बसायचंस. मिक्सर नाही, फडक्यातून, हाताने. मी समोर बसून बघणार, मुलगी बहुतेक त्यात हात घालणार. तोपर्यंत माझा वाटा रिकामा असू दे.

लोभ आहे, रागही थोडा आहे. आम्ही येईपर्यंत दोन्ही सांभाळावे.
तुझी,
सारिका