अंड्यांच्या गाडीचे शॉकअप

अप्पा, अंड्यांच्या पिकअपचे मागचे शॉकअप शेवटी बदलले. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "खराब झालेत असं सांगितलं कोणी?" मीही तेच विचारलं. सांगितलं ड्रायव्हरने. तुम्हीच ठेवलेला तो, लातूरकडचा, तोंडाने फटकळ. खडकवासल्याच्या पुढच्या पोल्ट्रीतून निघालेली अंडी नारायण पेठेतल्या आपल्या दुकानात येईपर्यंत रोज फुटायला लागली होती, आणि याचं म्हणणं, शॉकअप गेलेत, गाडी उडते. मला वाटलं, अंडी कसली फुटतायत, वाटेत विकली जातायत. पुरावा म्हणून दाखवायला बादलीभर टरफलं काय, कुठल्याही भुर्जीवाल्याकडे मिळतात.

शिकवण तुमचीच. फुटक्या अंड्यांचं आम्लेट आपल्या ताटात रोजचंच, आणि तुम्ही पहिला घास घ्यायच्या आधी आईला विचारायचात, "एवढीच फुटली होती का?" आईला! ती म्हणायची, नाही, बाकीची मी माहेरी पाठवली. तुम्ही "विश्वास गेला पानिपतात" म्हणून जेवायला लागायचात. मला तेव्हा तुमचा भयंकर राग यायचा.

गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिकने मागून दाबून सोडली तर ती डोलतच राहिली. शॉकअपवर गळलेलं तेलही दाखवलं त्याने. मी मनात म्हटलं, तेल काय, बोटानेही फासता येतं. हा आणि ड्रायव्हर एकाच टपरीवर चहा पितात, म्हणजे मिलीभगत असणारच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट पोल्ट्रीवर गेले आणि ड्रायव्हरला सांगितलं, आज मी मागे हौद्यात बसणार. त्याने बसायला पोतं अंथरलं. गाडी त्याने अगदी हळू चालवली, तरी पहिल्याच स्पीडब्रेकरला वरचे ट्रे उडाले आणि बलक माझ्या ओढणीवर. दुकानाशी उतरले तेव्हा मला सरळ उभं राहवत नव्हतं. अंडी खरंच फुटत होती, अप्पा.

मग नाना पेठ, स्पेअर पार्टचं दुकान. दुकानदाराने मी विचारायच्या आतच "ओरिजिनल आहे ताई" म्हटलं, तिथेच मी सावध झाले. मेकॅनिकने कडक जोडी आणायला सांगितली होती, लोडला चांगली म्हणून. दुकानदार म्हणाला, अंडी वाहता ना, मग थोडी नरम घ्या, सिमेंट थोडंच न्यायचंय. खरं कोणाचं, देव जाणे. खोक्यावरचं स्टिकर नखाने खरवडून पाहिलं, दांडा दाबून तो कसा वर येतो ते पाहिलं, आणि नरमच घेतले. गॅरेजात कोणी बदलू नये म्हणून दोन्हींवर किल्लीने खूण केली, बसवून होईपर्यंत तिथेच उभी राहिले, आणि शेवटी गाडीखाली वाकून खुणा तपासल्या. ड्रायव्हर बाजूलाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी एकही अंडं फुटलं नाही. मी खूश होऊन त्याला तसं सांगितलं, चहा मागवते म्हटलं. त्याने गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली.

"अप्पा तोंडावर विचारायचे, चोरलीस का म्हणून. मीबी तोंडावर नाही म्हणायचो, की झालं. तुम्ही इचारलंच नाही ताई. मागं येऊन बसलात."

थांब म्हणायचं होतं मला. चुकलं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आणि दुसरी किल्ली?"

तीही त्याने खिशातून काढून दिली. आता गाडी दुकानासमोर उभी आहे, शॉकअप उत्तम आहेत आणि चालवायला माणूस नाही. माझ्या हातून हाकलला गेला तो, आणि मला फार वाईट वाटतंय. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, आणि टाकलं तरी तुम्ही म्हणणार, बरं केलंस. म्हणून तुमच्याजवळच एक सांगते. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात थांबले, आणि मग दोन्ही किल्ल्या गाडीला लावून पाहिल्या.